पाण्यावर गेलेल्यांची यादी

नवरात्र उठलं, पाऊस मागे फिरला आणि खाडीचं पाणी मातकटपणा सोडून हळूहळू हिरव्याकडे वळायला लागलं. रत्नागिरीतल्या भाट्याच्या पुलाच्या बरंच वरच्या अंगाला, कांदळांच्या झाडीच्या आडोशाला आमच्या मंडळाची पत्र्याची शेड आहे. परवा आम्ही सगळ्यांनी मिळून तिथल्या कयाकींवरची, म्हणजे दोन माणसांच्या वल्ह्याच्या होड्यांवरची, ताडपत्री काढली. चार महिने कोंडलेल्या ओलीचा वास आला. एका कयाकीच्या पोटात बेडकांनी बिऱ्हाड थाटलं होतं, त्यांना हुसकावताना सगळे शाळेतल्या पोरांसारखे हसत होते. मीही हसलो. पण माझं लक्ष खाडीकडे होतं. लोकांना ऑक्टोबरची काहिली अंगाला जाणवते, मला ती पोटात जाणवते, कारण आता हंगाम सुरू होणार, सात-आठ म्हातारी माणसं दर रविवारी पाण्यावर जाणार आणि मी काठावर उभा राहून त्यांची वाट बघणार.

हे मंडळ साठीच्या पुढच्यांचं. शैलजाताई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या, त्यांच्या डोक्यातून निघालेलं. आयुष्यभर त्यांनी म्हाताऱ्यांना कॉटवर पडलेलं पाहिलं होतं. त्या म्हणायच्या, "निजून राहिलं की माणूस निजूनच राहतं. त्यांना उठवायचंय मला." त्या स्वतः कयाक शिकल्या आणि मग गुडघेदुखीवाले, मधुमेहवाले, एकेकटे राहणारे असे लोक गोळा केले. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाचं ब्लडप्रेशर त्या शेडमधल्या बाकावर मोजतात. जास्त भरलं तर त्या माणसाला घरी पाठवत नाहीत, काठावर चहा करायला बसवतात. घरी पाठवलेला माणूस पुढच्या रविवारी येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

दुसरे इब्राहिमभाई. राजिवड्याचे. आखातात टगबोटीवर तीस वर्षं काढून परत आलेले, वय सत्तर, पण खाडीत आज पाणी कधी चढणार नि कधी उतरणार हे त्यांना पंचांगाशिवाय कळतं. त्यांची इंजिनाची लहान होडी आमच्या राखणीला असते. भरतीच्या पाण्याबरोबर वर जायचं आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर खाली यायचं, हा आमचा साधा नियम. यायला उशीर झाला तर मात्र ओहोटी जोर धरते, आणि ती माणसाला आमच्या धक्क्यावर थांबू देईलच असं नाही. पुलाखालून ओढून ती त्याला थेट खाडीच्या मुखाशी नेते. तिथे वाळूचा दांडा आहे आणि त्यावर लाटा फुटतात. म्हणून परतीच्या वेळी इब्राहिमभाई आमच्या धक्क्याच्या खालच्या अंगाला होडी आडवी घालून बसतात.

आणि तिसरा मी. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचायला हवी, अजून का आली नाही, यातच चौतीस वर्षं गेली. घाटात दरड आली की फोन कानाला लावून बसायचं. त्यामुळे मंडळात मला काम मिळालं ते यादी ठेवायचं. कोण गेलं, कुठल्या कयाकीतून गेलं, किती वाजता गेलं, किती वाजता आलं. इब्राहिमभाई मला 'कंट्रोलर' म्हणूनच हाक मारतात. मी पाण्यावर जात नाही. मी मंडणगडचा, डोंगरातला. आमच्याकडे पाणी एक तर आभाळातलं किंवा विहिरीतलं, त्यावर बसायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

माझी बायको वृंदा मात्र आंजर्ल्याची. लहानपणी खाडी ओलांडायला तिच्या गावाकडे 'तर' होती, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. ती सांगते, मुलींनी होडीच्या मधोमध मांडी घालून गप्प बसायचं, वल्ह्याला हात लावायचा नाही. बासष्टाव्या वर्षी तिने पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. तेव्हा तिचा चेहरा मी काठावरून पाहिला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण आनंदाच्या मागोमाग लगेच दुसरा विचार आला, की आता ही दर रविवारी जाणार.

तिला शिकवलं पाध्येअण्णांनी. अण्णा तेव्हा पंच्याहत्तरीचे. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. अंगाने काटकुळे, पण वल्हं इतकं हलकं मारायचे की पाण्याला कळू नये. नवीन माणसाला ते आपल्या पुढच्या सीटवर बसवायचे आणि मागून सांगत राहायचे, "पाण्याशी भांडू नका. ते आपल्याहून मोठं आहे. नुसतं ढकला." त्यांचं ऐकत ऐकत आमच्यातल्या निम्म्या लोकांची भीती गेली. माझी गेली नाही, पण मी त्यांच्यापुढे बसलोच कुठे होतो?

ज्या हंगामाबद्दल सांगायला बसलो तो तिथून एका वर्षाने आला. त्या ऑक्टोबरात भात कापणीला आलं होतं, खाडीकाठच्या खाजणातून पेंढ्याचा गोडसर वास यायचा, बोय मासे पाण्यातून चांदीच्या चमच्यासारखे उसळायचे. आणि त्या सगळ्या शोभेत मला दिसायला लागलं की अण्णा विसरतायत. एका रविवारी त्यांनी लाइफ जॅकेट उलटं घातलं. एकदा शनिवारीच येऊन शेडबाहेर दोन तास बसून राहिले. एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अहो, घरी जायला इथून डावीकडे ना?" त्या घरात ते चाळीस वर्षं राहत होते.

मी ते कुणाला सांगितलं नाही. शैलजाताईंना सांगितलं तर त्या अण्णांच्या मुलीला कळवणार, मुलगी येऊन त्यांना पुण्याला नेणार, तिसऱ्या मजल्यावर. मी फक्त वृंदाला सांगितलं. ती म्हणाली, "पाण्यावर ते काही विसरत नाहीत. मी बघितलंय ना. मी बसत जाईन त्यांच्याबरोबर, म्हणजे झालं." तेव्हापासून ती दोघं एका कयाकीत. ती पुढे, अण्णा मागे.

त्या महिन्यांत माझं काय झालं होतं ते मलाच ठाऊक. शनिवारी झोप यायची नाही. रविवारी मी दुर्बीण घेऊन जायला लागलो. कयाकी वळणाआड गेल्या की मी घड्याळ बघायचो, पुन्हा पाणी, पुन्हा घड्याळ. अण्णांनी वल्हं मारायला एक क्षण उशीर केला तरी मी उठून उभा राहायचो. वृंदाला घरी आल्यावर विचारायचो, "आज कसे होते? काही बोलले का विचित्र?" ती म्हणायची, "चांगले होते हो." आणि उन्हात जाऊन आल्यामुळे थकल्यासारखी जरा आडवी व्हायची. मी तिच्या अंगावर चादर टाकायचो आणि विचार अण्णांचा करायचो.

पौषातला रविवार होता. निघताना आभाळ स्वच्छ होतं. चार कयाकी, आठ माणसं. मी वेळ लिहिली. कयाकी वळणाआड गेल्या आणि सूर्य वर येता येता खाडीतून धुकं उठायला लागलं. आमच्याकडे असं धुकं आलं की लोकांना आधी आंब्याचा मोहोर आठवतो. रस्त्यावरून जाणारा एक बागायतदार ओळखीचा होता, तो स्कूटर थांबवून म्हणाला, "गेला यंदाचा मोहोर!" मी मान हलवली. मला समोरचा काठ दिसेनासा झाला होता.

पहिली कयाक आली. दुसरी आली. त्यानंतर शैलजाताईंची. मी म्हटलं, "वृंदा?"

शैलजाताई नेहमी सगळ्यांच्या मागे असतात. त्या धक्क्यावर उभ्या राहून इकडेतिकडे बघायला लागल्या. "म्हणजे? ती दोघं पुढे नाही का आली? मला वाटलं धुक्यात पुढे निघून गेली."

त्यांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. हजारो माणसांच्या नाड्या बघितलेली ती बाई परत परत तीनच कयाकी मोजत होती.

ओहोटी लागली होती. इब्राहिमभाई खालच्या अंगाला होते तिथून हाकेसरशी आले. ते म्हणाले, "माझ्यासमोरसून कोण गेला नाय. वरच अडकली असतील. वर बघू आधी."

"एवढ्या धुक्यात गेलेलं तुम्हाला काय दिसणार?" मी ओरडलो. "अण्णांनी धक्का ओळखला नसेल. पुढे गेली असतील ती, पुलाखाली. तुम्ही खाली चला!"

"कंट्रोलर, ऐका माझा—"

"अण्णा विसरतात!" मी म्हटलं. "घर विसरतात ते. महिने झाले. मला माहीत होतं."

शैलजाताई माझ्याकडे बघत राहिल्या. इब्राहिमभाईंनी एकदा वरच्या दिशेला पाहिलं आणि इंजिन चालू केलं. माझी बायको पाण्यात होती म्हणून त्यांनी माझं ऐकलं. त्यांची स्वतःची बायको असती तर ते वरच गेले असते.

मी होडीत कधी चढलो ते मला आठवत नाही. पुलाखालून गेलो, राजिवड्याच्या होड्यांना विचारत गेलो, मुखापर्यंत गेलो. धुक्यापलीकडे लाटा फुटल्याचा आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. मी वृंदाच्या नावाने हाका मारत होतो आणि हाक तोंडासमोरच विरत होती. फोन करायचीही सोय नव्हती. सगळ्यांचे फोन भिजू नयेत म्हणून माझ्याच पिशवीत ठेवलेले असायचे. ती पिशवी माझ्या खांद्याला होती. मध्येच एक फोन वाजला तेव्हा मी वेड्यासारखा पिशवीत हात घातला. कुणाच्या तरी सुनेने नाश्त्याला काय करू म्हणून विचारलं होतं.

पाऊण तास असा गेला. मग इब्राहिमभाईंनी मला न विचारता होडी फिरवली.

वरच्या वळणापलीकडे गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. म्हणाले, "आता बोलू नका. ऐका." ओहोटीचं पाणी कांदळांच्या मुळांतून खळखळत निघालं होतं. चिखल उघडा पडत होता, त्याचा तो कुजकट, जड वास. एक खंड्या ओरडून गेला. आणि मग धुक्यातून एक आवाज आला. पुरुषाचा, चढा, अगदी वर्गात शिक्षकाने विचारावं तसा.

"पुढे?"

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, "पुढे? मुर्डी झालं. मुर्डीच्या पुढे?"

कांदळांच्या आत, चिखलात रुतलेली कयाक होती. वृंदा पुढच्या सीटवर मागे रेलून पडली होती, चेहरा पांढराफटक. अण्णा मागून एका हाताने तिचं डोकं सावरत होते आणि दुसऱ्या हाताने त्यांनी कांदळाचं मूळ घट्ट धरलं होतं. त्या मुळांवर कालवं धरलेली असतात, त्यांचे शिंपले पात्यासारखे धारदार. अण्णांच्या मनगटापर्यंत रक्त आलं होतं. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. ती कशासाठी असते हे बहुधा ते विसरले होते.

"आडे," वृंदा पुटपुटली. "पाडले. केळशी."

"बरोबर," अण्णा म्हणाले. मग आमच्याकडे पाहून त्यांनी कार्यालयात आलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "यांना भोवळ आली. झोपू देत नाहीये मी. यांच्या भागातल्या टपालाची गावं विचारतोय."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. धक्क्यावर शैलजाताईंचं बोट वृंदाच्या मनगटावर आणि नजर घड्याळावर. "ठोके फार हळू पडतायत," एवढंच त्या म्हणाल्या. रत्नागिरीतलं इस्पितळ, मग आंबा घाट चढून कोल्हापूर. तिच्या हृदयाची गती मध्येच मंदावत होती, कधी कधी काही क्षण थांबतच होती. डॉक्टरांनी विचारलं, "याआधी असं कधी झालं होतं?"

मी म्हणालो, "नाही."

वृंदा म्हणाली, "दिवाळीपासून होतंय."

पेसमेकर बसवला. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली होती, मी मोसंबं सोलत होतो. शेवटी विचारलंच. "मला का नाही सांगितलंस?"

तिने मी दिलेली फोड बशीत ठेवली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला पाण्यात उतरू दिलं असतंत का?"

"नसतं."

"मग?"

"मग तू मेली असतीस, वृंदा."

"हो," ती म्हणाली. "चुकलंच माझं. पण तुम्ही असे बघत राहता ना माझ्याकडे, की वाटतं, हे सांगितलं की आता आयुष्यभर हे बघणंच राहणार."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी चौतीस वर्षं प्रत्येक गाडीची खबर ठेवली, आणि माझं घर मात्र मला खबर न देता जगायला शिकलं होतं. मुलाची मुंबईची नोकरी गेली तेव्हाही त्याने तीन महिन्यांनी सांगितलं, दुसरी लागल्यावर. आईच्या शेवटच्या दुखण्यात बहीण फोनवर म्हणायची, "ठीक आहे रे." माझी काळजी म्हणजे माझं प्रेम असं मी समजत आलो. त्या काळजीच्या वजनाखाली माणसं वाकतात आणि मग गुपचूप बाजूने निघून जातात, हे मला दिसलं नव्हतं. मी त्या हंगामभर अण्णांवर दुर्बीण लावून बसलो होतो. जिला धोका होता तिच्यावर चादर टाकत होतो.

आणि मी स्वतः तरी काय वेगळं केलं होतं? अण्णांचं मी लपवलंच होतं की. धक्क्यावर ओरडून सांगितलं तेव्हा शैलजाताईंनी जी नजर टाकली, ती मला कोल्हापुरातही दिसत राहिली. परत आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "यादीचं काम दुसऱ्या कुणाला द्या." त्या चहा गाळत होत्या. "मागे मी होते," त्या म्हणाल्या. "माणसं मोजायचं काम माझं होतं, मी ती दोघं पुढे गेली असं समजून चालले. म्हणजे मीही सोडू का?" मग कप माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "अण्णांचं मात्र मला सांगायला हवं होतं तुम्ही. त्यांना मी थांबवलं नसतं. माझ्यापुढे बसवलं असतं." हे मला सुचलं नव्हतं. माझ्या डोक्यात जाणं आणि न जाणं, दोनच रकाने होते.

तो हंगाम आम्ही तिथेच थांबवला. आता नियम बदललेत. प्रत्येक कयाकीत एक फोन, जलरोधक पिशवीत. धुक्याची शंका आली तरी जायचं नाही. आणि निघण्याआधी प्रत्येकाने आपल्याला काय होतंय ते बाकावर बसून बोलायचं, रागावणं नाही, टोमणे नाहीत. अण्णांची मुलगी पुण्याहून आली ती त्यांना न्यायला नाही, नोकरीचं जमवून इथेच राहायला. अण्णा पाण्यावर मात्र जात नाहीत. एके दिवशी वल्हं हातात घेऊन ते उलटसुलट करून बघत राहिले, मग त्यांनी ते हळूच भिंतीला टेकवून ठेवलं. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो.

त्या सकाळचं त्यांना काहीही आठवत नाही. हातावरचे व्रण बघून ते विचारतात, "हे कुठे लागलं?" मी सांगतो, "अण्णा, तुम्ही माझ्या बायकोला वाचवलंत." दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकतात. "काय सांगता!" म्हणतात, चेहरा उजळतो, आणि मग काळजीने विचारतात, "बऱ्या आहेत ना आता त्या?"

काल या हंगामातला पहिला रविवार होता. डॉक्टरांनी वृंदाला परवानगी दिली आहे. ती बाकावर बसली, माझ्याकडे बघून म्हणाली, "आज सकाळी जिना उतरताना एकदा गरगरल्यासारखं झालं. सांगून ठेवते."

हे वाक्य मला हवं होतं. ते ऐकणं किती अवघड आहे याची मला कल्पना नव्हती. 'मग नको जाऊस' हे ओठांवर आलं होतं. मी विचारलं, "किती वेळ?"

"दहा आकडे मोजेपर्यंत."

शैलजाताईंनी नाडी पाहिली, ब्लडप्रेशर दोनदा घेतलं. म्हणाल्या, "ठोके ठीक आहेत. आज काठाकाठाने, माझ्यापुढे बसून. इब्राहिमभाईंची होडी बाजूला. अर्ध्या तासात परत. उद्या डॉक्टरांना फोन." इब्राहिमभाई म्हणाले, "पाणी शांत हाय आज. मी हाय ना." वृंदा माझ्याकडे बघत थांबली. ती परवानगी मागत नव्हती. मला वेळ देत होती.

"जा," मी म्हटलं. यादीत तिच्या नावापुढे वेळ लिहिली.

कयाक सुटली. माझ्या बाजूच्या खुर्चीत अण्णा बसले होते, उकाड्यातही मुलीने चढवलेला स्वेटर अंगात. त्यांनी बराच वेळ त्या दिशेला पाहिलं. "त्या गेल्या त्या कोण?"

"माझी बायको."

"छान वल्हवतात." मग थोड्या वेळाने, "तुम्ही नाही गेलात?"

"कुणीतरी इथे असावं लागतं."

अण्णांना ते पटलं. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या खुर्चीला चिकटवली, हात गुडघ्यांवर ठेवले. "मग मीही थांबतो," ते म्हणाले.

आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसलो. अजून बावीस मिनिटं होती.